लॅरी रॉबिन्सन: डेव्हिल्सकडे कप, किंग्जकडे का नाही?

निळी_रेषा:
आइस हॉकीतला बचावपटू लॅरी रॉबिन्सन याची एनएचएलमधली (उत्तर अमेरिकेची व्यावसायिक लीग) कारकीर्द क्रमाने बघतोय. खेळाडू म्हणून प्रश्नच नाही: 1972-73 पासून सतरा हंगाम माँट्रियल कॅनेडियन्स, मग तीन हंगाम लॉस एंजेलिस किंग्ज, सहा स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद), 1977 आणि 1980 ची नॉरिस ट्रॉफी (हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळते ती). मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र मेळ लागत नाही. 1995 ते 1999 किंग्जकडे चार हंगाम, त्यात प्लेऑफ (नियमित हंगामानंतरची बाद फेरी) एकदाच, 1998 मध्ये. आणि मार्च 2000 मध्ये नियमित हंगामाचे 8 सामने उरलेले असताना न्यू जर्सी डेव्हिल्सने मुख्य प्रशिक्षक रॉबी फ्टोरेकला काढून संघ रॉबिन्सनकडे दिला, तर थेट कप! बचावपटूकडचं नेमकं काय प्रशिक्षणात कामाला येतं? 'अनुभव' असं मोघम नको, बर्फावर काय घडतं ते सांगा.

मागचा_गडी:
मधली एक कडी सुटली आहे. 1993 ते 1995 तो डेव्हिल्सचा सहायक प्रशिक्षक होता, माँट्रियलमधला जुना सहकारी जॅक लेमेअर याच्या हाताखाली. 1995 चा कप त्या जोडीचा. 1999 मध्ये तो परत सहायक म्हणूनच आला. म्हणजे मार्च 2000 मध्ये स्कॉट स्टीव्हन्स, स्कॉट नीडरमायर, केन डॅनेको ही बचावफळी त्याला आतून-बाहेरून माहीत होती, आणि मागे गोलमध्ये मार्टिन ब्रोड्यूर.

आता कामाचं. बचावपटू घडवताना पहिली गोष्ट असते अंतर. समोरून खेळाडू पक (खेळातली रबरी चकती) घेऊन येतोय, तुम्ही उलटे स्केटिंग करत मागे जाताय. मध्यरेषेपाशी दोघांत साधारण दीड स्टिक अंतर चालतं. आपल्या निळ्या रेषेपर्यंत (आपला बचावाचा भाग जिथे सुरू होतो ती) ते एका स्टिकवर यायला हवं. स्टिक एका हातात, पातं बर्फावर टेकलेलं. नजर त्याच्या छातीवर, पकवर नाही. पक फसवतो, छाती फसवत नाही. आणि आपण नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे त्याला जागा उरते ती फक्त मैदानाच्या कडेच्या फळीकडची.

अंतर जास्त राहिलं तर तो निळी रेषा फुकटात ओलांडतो आणि तुमच्याच आडून शॉट मारतो, गोलरक्षकाला पक उशिरा दिसतो. कमी राहिलं आणि तुमचा वेग त्याच्याइतका नसेल तर तो बाजूने निघून जातो.

खरी मेख पुढे आहे. अंतर वाढतं ते बहुतेकदा बचावपटूच्या चुकीने नाही. आपले फॉरवर्ड मागे धावत येत नसतील तर एकटा पडलेला बचावपटू घाबरून मागे सरकतो. सहायक प्रशिक्षकाच्या हातात सहा बचावपटू असतात. रोग मात्र बारा फॉरवर्डमध्ये असतो. लेमेअरच्या संघात मधल्या पट्ट्यात सापळा लावायची फॉरवर्डना सवयच लागली होती, त्यामुळे रॉबिन्सनचं शिकवणं तिथे फळलं. किंग्जकडे ती सवय तयार नव्हती. पण एक बघा: त्याच काळात, 1998 मध्ये, किंग्जच्या रॉब ब्लेकला नॉरिस ट्रॉफी मिळाली. बचावपटू घडवण्यात रॉबिन्सन तिथेही कमी पडलेला नाही.

तिसरी_जोडी:
वरचं पटतं, पण मुख्य प्रशिक्षकाचं अर्धं काम बेंचवर असतं, आणि ते खेळताना शिकता येत नाही. शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, 40-45 सेकंदांची. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, त्यामुळे बेंच आपल्या गोलपासून लांब जातो. तेव्हा पक आपल्याच भागात अडकला की बचावाच्या जोडीला बदली मिळत नाही; दीड मिनिट तेच दोघं, पाय जड, आणि गोल खातो. उपाय एकच: पक मध्यरेषेच्या पलीकडे खोल टाकल्याशिवाय बदली करायची नाही, हे संघाच्या अंगवळणी पाडणं.

1998 च्या प्लेऑफमधला सेंट लुईसविरुद्धचा तिसरा सामना जरूर बघा. किंग्ज तिसऱ्या सत्रात 3-0 पुढे. जेफ कोर्टनल किंग्जच्या गोलरक्षकावर आदळला, शॉन ओडॉनेलने त्याला धरून बदडलं आणि पाच मिनिटांची मोठी शिक्षा ओढवून घेतली. दोन मिनिटांची साधी शिक्षा गोल झाला की संपते, ही संपत नाही. त्या एका शिक्षेत 4 गोल, सामना 3-4, मालिका 0-4. एक खेळाडू कमी असताना चौघं चौकोन धरून खेळतात आणि 25-30 सेकंदांत दमतात. प्रत्येक गोलनंतर ताजी माणसं पाठवणं आणि संघाचा तोल सावरणं हे बेंचवरचं कसब.

2000 मध्ये ते कसब दिसतं. फिलाडेल्फियाविरुद्ध 1-3 मागे पडल्यावर हा शांत माणूस ड्रेसिंग रूममध्ये संघावर कडाडला, आणि डेव्हिल्सनी ती मालिका 4-3 जिंकली. मग डॅलसविरुद्ध सहाव्या सामन्यात, दुसऱ्या जादा सत्रात, जेसन आर्नॉटचा गोल आणि कप. त्याचा आवाज चढला याला किंमत आली ती एरवी तो चढत नसे म्हणून.

निळी_रेषा:
दोघांचेही आभार. एक उपप्रश्न: 1976-77 मधलं त्याचं प्लस 120 किती गांभीर्याने घ्यायचं?

मागचा_गडी:
घ्या, पण जपून. समान संख्येत किंवा आपला खेळाडू कमी असताना आपला गोल झाला की बर्फावरच्या सगळ्यांना एक प्लस, तसाच खाल्ला की एक मायनस. पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे कमी असताना केलेला, गोल धरतच नाहीत. म्हणजे सहकाऱ्यांचा वाटा यात मोठा, आणि त्या हंगामात माँट्रियल 80 पैकी फक्त 8 सामने हरलं होतं. तुलना करायचीच तर त्याच संघातल्या सर्ज सॅव्हार्ड आणि गी लापॉइंटच्या त्याच हंगामाच्या आकड्यांशी करा. एका हंगामात याच्या वर एकच आकडा आहे, 1970-71 मधला बॉबी ऑरचा प्लस 124.