मदत हवी आहे: आजोबांच्या निजामकालीन शाळेची नोंद मिळवायची आहे, मुख्याध्यापक देईनात

धागाकर्ता: कयाधूकाठ

मुलीच्या जात पडताळणीसाठी (ओबीसी) पणजोबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, शाळेतल्या नोंदीचा उतारा पाहिजे. शाळा हिंगोली तालुक्यातली, सध्या जिल्हा परिषदेकडे आहे. आजोबा साधारण 1942 ते 1946 या काळात शिकले. जुनं रजिस्टर कपाटात आहे हे नक्की, पण ते उर्दूत आहे. तोंडी मागितलं तर दोन उत्तरं मिळाली: "आम्हाला वाचता येत नाही" आणि "दुसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती देता येत नाही". आजोबा हयात नाहीत. साधा अर्ज करावा की माहिती अधिकारात जावं? आणि उर्दू कागद समितीपुढे चालतो का?

बालाघाट:

दोन्ही करा, पण क्रमानं. आधी मुख्याध्यापकांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या. सोबत तुमचं आधार, आजोबांचा मृत्यू दाखला आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर जोडा. जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. 500 चा बाँड घ्या म्हणून कुणी मागे लागलं तर घेऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्याच. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चला.

पडताळणीला उतारा शाळेच्या लेटरहेडवर लागतो: रजिस्टरचा अनुक्रमांक, सही, शिक्का, जावक क्रमांक. त्याशिवाय मूळ पानाची साक्षांकित झेरॉक्स वेगळी मागा. पडताळणी समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडतं आणि शाई, खाडाखोड, मागचे-पुढचे अनुक्रमांक पाहतं. कुणी "जात स्पष्ट करून देतो" म्हणून त्या पानावर पेन टेकवू पाहील, तर हात जोडून नको म्हणा. चांगली नोंद त्यानंच बाद होते.

एक खुलासा: ओबीसीसाठी मानीव दिनांक, म्हणजे कुटुंबाचं राज्यातलं वास्तव्य ज्या तारखेला धरतात ती तारीख, 13 ऑक्टोबर 1967 आहे. त्याआधीची नोंद पुरावा म्हणून भारी ठरते, आणि तुमची तर स्वातंत्र्याच्या आसपासची आहे. तेव्हा सोडू नका.

रेकॉर्डरूम:

"वैयक्तिक माहिती" या उत्तराला माहिती अधिकार कायद्यातच उतारा आहे. नकार देतात तो कलम 8(1)(ञ) खाली. पण 8(3) वाचा. अर्जाच्या तारखेच्या 20 वर्षांआधी घडलेल्या बाबीची माहिती द्यावीच लागते, अपवाद फक्त (क), (ग) आणि (झ) या तीन खंडांचा. (ञ) त्यात नाही. डेटा संरक्षण कायद्यानं 8(1)(ञ) बदललं, 8(3) तसंच आहे. 1940 च्या दशकातली नोंद या आडोशाला ठेवता येत नाही. अर्जातच एका ओळीत 8(3) चा उल्लेख टाका, निम्मं भांडण तिथंच मिटतं.

महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज, एक विषय, 150 शब्द. "का दिलं नाही" हा प्रश्न विचारू नका, कागद मागा. मजकूर असा चालेल (जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची विद्यार्थी दाखल नोंदवही, फसली म्हणजे निजाम राज्यातलं सरकारी साल):

"… शाळेच्या जनरल रजिस्टरमधील सन 1940 ते 1948 (फसली 1349 ते 1358) या कालावधीतील … या विद्यार्थ्याच्या नोंदीचे पान, त्यालगतचे आधीचे व नंतरचे पान आणि रजिस्टरचे पहिले पान यांच्या साक्षांकित छायाप्रती मिळाव्यात. तत्पूर्वी अभिलेख पाहण्याची परवानगी मिळावी."

10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे 2 रुपये, पाहणीचा पहिला तास फुकट. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर शुल्क माफ. जन माहिती अधिकारी कोण हे शाळेच्या किंवा पंचायत समितीच्या फलकावर असतं. चुकीच्या ठिकाणी गेला तर त्यांनी 5 दिवसांत पुढं पाठवायचा, परत करायचा नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट लावून. मुदत टळली की प्रती फुकट द्याव्या लागतात, तेही अपिलात लिहा.

मानारकाठ:

उर्दूबद्दल. आधी रजिस्टर डोळ्यांनी बघा, जाताना उर्दू जाणणारा माणूस सोबत न्या. उर्दू आकड्यात शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि गोल दिसतो तो पाच. सात इंग्रजी व्हीसारखा, आठ उलटा व्ही. आपण सवयीनं पाचाला शून्य वाचतो आणि 1351 चं 1301 होतं. नावात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, क आणि ग हाताच्या घाईत सारखे दिसतात, म्हणून आजोबांचं नाव वेगळंच वाटेल. वडिलांचं नाव, गाव आणि दाखल तारीख जुळवा.

तारीख फसली सनातली असेल. हैदराबाद राज्यात फसली वर्ष 6 ऑक्टोबरला, आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर 590 मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर 591. खुरदाद 1351 म्हणजे 1942 चा एप्रिल. सरसकट 590 मिळवलं की जन्मसाल एक वर्षानं मागं जातं. मग समिती विचारते, दोन कागदांत दोन सालं कशी?

शाळेच्या नावावरही अडू नका. वर "मदरसा तहतानिया" दिसलं तर ती प्राथमिक शाळा, वस्तानिया म्हणजे माध्यमिकची खालची पायरी, फौकानिया म्हणजे हायस्कूल. भाषांतरकारानं मूळ शब्द ठेवून मराठी द्यावं आणि सही-शिक्क्यासह द्यावं. फक्त भाषांतर देऊ नका, मूळ प्रत वर आणि भाषांतर खाली.

कयाधूकाठ:

आभारी आहे. शाळेनं "रजिस्टर सापडत नाही" म्हटलं तर? त्या वेळी आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता.

रेकॉर्डरूम:

तेच उत्तर लेखी मागा. त्यासोबत दुसरा माहिती अर्ज टाका: मुख्याध्यापक बदलतानाच्या पदभार याद्यांच्या प्रती आणि अभिलेख नष्ट केल्याची नोंदवही. जनरल रजिस्टर कायम जपायचा दस्तऐवज आहे, नष्ट केल्याचा आदेश सहसा सापडत नाही. आणि पदभार यादीत रजिस्टर असेल तर शेवटी सही कुणाची होती हे कळतं. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा उल्लेखही करा, हरवल्याचं सहज सांगणारे मग जरा शोधतात.

जिल्ह्यांची फाळणी लक्षात ठेवा: जालना 1981, लातूर 1982, हिंगोली 1999. एकत्रित कागद मूळ जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला पडून असू शकतात, म्हणून परभणीला एक वेगळा अर्ज द्या. शाळा बंद वा विलीन झाली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा, दप्तर कोणत्या केंद्रात गेलं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून 1954-55 चं खासरा पत्रकही (जुन्या जमीन नोंदीचा कागद) काढून ठेवा. त्यात बहुधा जात नसते, पण आजोबा-पणजोबांची नावं एका गट-सर्व्हे नंबरला दिसली की वंशावळ भक्कम होते. पहिल्या अपिलाचा निकाल पटला नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील, 20 रुपयांच्या तिकिटासह, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे.