पार्सनिप भाजताना करपतं, फ्रीजमध्ये लुळं पडतं

दाणेदार
साधारण २ किलो पार्सनिप (गाजरासारखं दिसणारं पांढरट कंदमूळ) आहे, लहानमोठं सगळं मिसळलेलं. २२० अंशांवर ओव्हनमध्ये भाजलं की शेपट्या करपतात आणि जाड बाजूचा मधला दांडा मात्र चिवटच राहतो. शिवाय धुऊन फ्रीजमध्ये ठेवलेलं आठवड्याभरात लुळं पडतं. काही महिने टिकवायचं असेल तर कसं ठेवावं? फ्रीझरमध्ये कच्चंच टाकलं तर चालेल का?

कंदमुळे
आधी भाजण्याचं बघू. पार्सनिपमध्ये बटाट्यापेक्षा साखर बरीच जास्त असते, म्हणून ते लवकर तांबूस होतं आणि तितक्याच लवकर करपतं. २२० अंश जास्तच होतात, २०० पुरे.

कापणं महत्त्वाचं. साल पातळ काढा. मग आडवं कापून बारीक शेपटी वेगळी करा. ती अख्खी राहू द्या किंवा फार तर उभी दुभागा. जाड भागाचे उभे चार तुकडे करून प्रत्येकाचा आतला कोपरा, म्हणजे दांडा, तिरकी सुरी धरून काढून टाका. जून पार्सनिपचा दांडा लाकडासारखा झालेला असतो, कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. वरच्या टोकाशी ३-४ सेंमी जाडीचं कोवळं असेल तर दांडा काढायची गरज नाही. काढलेले दांडे सूपच्या पाण्यात उकळून गाळून घ्या, चव उतरते.

तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटं ठेवा, शेपट्या शेवटच्या मिनिटालाच टाका. निथळून ५ मिनिटं चाळणीत उघडे राहू द्या. ही पायरी गाळू नका. तुकडे ओले असतील तर ते भाजले न जाता वाफवले जातात आणि मेणचट होतात. ५०० ग्रॅमला २ टेबलस्पून तेल लावून तापलेल्या ट्रेमध्ये एकाच थरात, मध्ये फट ठेवून पसरा. २० मिनिटांनी उलटा, मग आणखी १०-१५ मिनिटं. मध घालायचा असेल तर शेवटच्या ५ मिनिटांत. आधी घातलात तर तोच पहिला जळतो.

ओलीवाळू
साठवताना अजिबात धुऊ नका, माती हाताने झटका. पाला जोडलेला असेल तर लगेच कापा, तो मुळातलं पाणी ओढून घेतो. भोकं असलेल्या पिशवीत किंचित ओलसर कागदात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवा, २-३ आठवडे सहज टिकतं. सफरचंद किंवा नासपती शेजारी ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पार्सनिप कडू होतं.

महिनोन्महिने ठेवायचं असेल तर ० ते १ अंश आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते. तळघरासारखी थंड जागा असेल तर खोक्यात ओलसर वाळूचे थर द्या, मुळं एकमेकांना टेकू देऊ नका. अशा जागेत ४ ते ६ महिने निघतात. वाळू मुठीत दाबल्यावर जेमतेम गोळा व्हावा, पाणी सुटू नये. जास्त ओली झाली की कुजायला सुरुवात होते. थंडीत स्टार्चची साखर होते, त्यामुळे काही आठवड्यांनी ते आणखी गोड लागतं. म्हणजे भाजताना आणखी लक्ष ठेवावं लागेल.

लुळं पडलेलं फेकू नका. नुसतं पाणी कमी झालेलं असेल तर तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवून बरंचसं कडक होतं. बुळबुळीत किंवा बुरशी आलेलं मात्र पूर्ण टाका. खराब झालेल्या मुळात फ्युरानोकूमारिन नावाची त्रासदायक द्रव्यं वाढतात आणि शिजवल्याने ती पुरती जात नाहीत.

दाणेदार
भाजण्याचं नीट कळलं. तळघर नाही, म्हणून फ्रीझरच. आणि कापून ठेवलेले तुकडे तपकिरी होतात, त्याला काय करायचं?

कंदमुळे
कापल्याबरोबर पाण्यात टाका, १ लिटरला १ टेबलस्पून लिंबाचा रस.

फ्रीझरमध्ये कच्चं टाकू नका. आतली एन्झाइम्स गोठूनही हळूहळू चालूच राहतात आणि चव व रंग बिघडतो. दांडा काढून सव्वा सेंमीचे चौकोनी तुकडे करा, उकळत्या पाण्यात २ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात २ मिनिटं, मग कापडावर कोरडे करा. ट्रेमध्ये सुटे गोठवून नंतर हवाबंद पिशवीत भरा. उणे १८ अंशांवर ८ ते १० महिने चांगले राहतात. वापरताना गोठलेलेच टाका, पण सूप किंवा प्युरीमध्ये. भाजायला ते तितकेसे चांगले नाहीत, पाणी सुटून कुरकुरीतपणा येत नाही. भाजण्यापुरतं ताजं बाजूला ठेवा आणि मोठी, जून मुळं आधी फ्रीझरला लावा.

ओलीवाळू
एक राहिलं. पाला असलेलं पार्सनिप हाताळताना हातमोजे घाला, विशेषतः उन्हात. पाल्याचा आणि देठाचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. चीक लागलाच तर साबणाने धुवा आणि ती जागा २ दिवस झाकून ठेवा.