खर्जात राहून रंगलेले बेस गिटारचे सोलो कोणते?

मंद्रसप्तक

आवडत्या बेसवादकांची चर्चा निघाली की ती बहुधा बोटांच्या वेगावर येऊन थांबते आणि एका मात्रेत जो अधिक स्वर बसवील तो थोर ठरतो. वेगाविषयी माझी तक्रार नाही. परंतु अनेक सोलो ऐकताना असे जाणवते की वादक हळूहळू दांडीच्या वरच्या पडद्यांकडे सरकतो, आवाज साध्या गिटारसारखा होऊ लागतो आणि ज्या खर्जासाठी हे वाद्य हाती घेतले तो खर्जच मागे पडतो. म्हणून माझा प्रश्न थोडा नेमका आहे. ज्यात बेस हा बेसच राहिला, असे आपल्या मते संस्मरणीय सोलो कोणते? केवळ नावे न देता त्या तुकड्यात काय घडते तेही लिहावे, ही विनंती.

चौथी तार

अशा यादीचा आरंभ जॉन एन्टविसल यांच्यापासून व्हावा. ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या १९६५ सालच्या ‘माय जनरेशन’मध्ये मध्येच गाणे थांबल्यासारखे होते आणि गिटार व बेस यांचा सवाल-जवाब सुरू होतो. रॉक संगीतातील अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रित बेस सोलोंमध्ये त्याची गणना होते. एन्टविसल यांना तो डॅनेलेक्ट्रो बेसच्या पातळ, झणझणीत तारांवर वाजवायचा होता, पण त्या तारा वारंवार तुटत आणि सुट्या मिळत नसत, म्हणून ते नवा बेसच विकत आणत. शेवटी त्यांनी फेंडर जॅझ बेस घेतला आणि त्यासाठी सोलो थोडा सोपा केला. मला तर वाटते की ही अडचण गाण्याच्या पथ्यावरच पडली, कारण आज जे ऐकू येते त्यातला प्रत्येक स्वर सुटा, ठाम आणि वजनदार आहे.

ठेका

माझे मत अमेरिकी फंक बेसवादक लॅरी ग्रॅहम यांना. आईच्या वाद्यवृंदात ड्रमवादक नसल्यामुळे त्यांनी अंगठ्याने जाड तारेवर आघात करून बेस ड्रमची आणि बोटाने बारीक तार खेचून स्नेअरची (कडक आवाजाच्या लहान ड्रमची) जागा भरून काढली. आज ‘स्लॅप’ म्हणून शिकवले जाणारे तंत्र त्या गरजेतून घडले. सोलो म्हणून विचाराल तर मात्र ‘रश’ या कॅनडातील बँडच्या १९८१ सालच्या ‘वाय-वाय-झी’मधला मधला भाग ऐकावा, जिथे गेडी ली यांचा बेस आणि नील पर्ट यांचे ड्रम आळीपाळीने बोलतात. त्या रचनेच्या आरंभीचा ठेका टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांच्या मोर्स लिपीतील रूपावर बसवलेला आहे.

‘मेटॅलिका’चे बेसवादक क्लिफ बर्टन यांचा १९८३ सालचा ‘अ‍ॅनेस्थेशिया’ मात्र या कसोटीवर उतरेल का, याची मला शंका आहे. त्याच्या आधी ‘बेस सोलो, टेक वन’ अशी घोषणा ऐकू येते आणि नंतर वा-पेडल व डिस्टॉर्शन या आवाज बदलून टाकणाऱ्या उपकरणांमुळे हा बेस आहे हेच विसरायला होते.

फ्रेटलेस

या प्रश्नामागची धारणाच मला पूर्णपणे पटत नाही. बेसची सर्वांत खालची सुटी तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते, आणि त्या पट्टीत दोन स्वर जवळजवळ ठेवले की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. म्हणून वादक वर सरकतो ते केवळ दिखाव्यासाठी नव्हे. जॅझ बेसवादक जाको पास्टोरियस यांनी १९७६ सालच्या आपल्या पहिल्या अल्बममधील ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये यावर जो तोडगा काढला तो आजही थक्क करतो: खाली एखादा खर्ज स्वर गुंजत ठेवायचा आणि त्याच्यावर हार्मोनिक्सच्या (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या) स्वच्छ, घंटेसारख्या स्वरांनी हार्मनी उभी करायची. स्वर उंच असले तरी त्यांना अर्थ येतो तो खालच्या खर्जामुळे, आणि ते काम साध्या गिटारवर तसे होणार नाही. त्याच अल्बममधील ‘डॉना ली’मध्ये त्यांच्या सोबतीला डॉन अलायस यांच्या काँगा या हातांनी वाजवायच्या ढोलांखेरीज काहीही नाही, पडदे काढलेल्या बेसवर इतक्या वेगात सूर न ढळू देणे ही गोष्ट केवळ चपळाईत मोजता येत नाही.

मंद्रसप्तक

‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’बद्दलचे म्हणणे मान्य. ‘डॉना ली’ मला अजूनही सॅक्सोफोनची चाल बेसवर नेल्यासारखी वाटते, भले ती कितीही अचूक असो.

जुन्या तारा

सोलोच्या यादीत ज्यांचे नाव सहसा येत नाही, त्या जेम्स जेमर्सन यांच्याविषयी लिहितो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत ते तर्जनीच्या एकाच बोटाने बेस वाजवीत, तार तुटल्याखेरीज बदलत नसत, आणि १९७१ पर्यंत मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावेच छापली जात नसल्यामुळे श्रोत्यांना ते ठाऊकही नव्हते. ‘फोर टॉप्स’ या गायकसमूहाचे १९६७ सालचे ‘बर्नाडेट’ गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त बेसकडे कान देऊन ऐकावे. समेवर येण्याआधी अर्धी मात्रा उचलून धरणे, मधल्या स्वरांवरून घसरत खाली येणे, आणि एवढे करूनही गाण्याचा पाया हलू न देणे हे सारे गाणे चालू असतानाच घडते. माझ्या लेखी तो गायकाच्या खाली चाललेला अखंड सोलोच आहे.

एक सूचना: हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. तो सर्वांत खालचे सूर वाजवूच शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सुराचा अंदाज बांधतो, त्यामुळे चाल कळते पण वजन कळत नाही. चांगला हेडफोन पुरेसा आहे.

चौथी तार

जेमर्सन यांना अनुमोदन. जाता जाता बकिथी कुमालो यांचा पॉल सायमन यांच्या १९८६ सालच्या ‘यू कॅन कॉल मी अल’मधील इवलासा तुकडाही नोंदवून ठेवतो. फ्रेटलेस, म्हणजे पडदे नसलेल्या, बेसवरची ती धाव जेमतेम एवढीशी आहे, आणि तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्याच भागाची टेप उलटी फिरवलेली आहे, म्हणून ती आरशासारखी जिथून निघाली तिथेच परत येते. याला सोलो म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणतो, कारण तेवढ्या वेळात बाकी सर्व वाद्ये गप्प असतात आणि पुन्हा गाणे सुरू करण्याची जबाबदारी एकट्या बेसवर असते.