जुना डेस्कटॉप: प्रोसेसर ९० च्या वर जातोय, कूलर बदलू का?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. घरात जुना डेस्कटॉप आहे, इंटेलचा आय फाइव्ह २४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकलेली, कूलर मात्र प्रोसेसरच्या डब्यात आलेला तोच गोलवाला. काही दिवसांपासून मशीन नुसतं चालू ठेवलं तरी कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ६०-६५ डिग्री दाखवतं आणि ब्राउझर उघडून व्हिडिओ लावला की बघता बघता ९० च्या वर, फॅन किंचाळायला लागतो, माउस अडखळतो आणि काल तर काम चालू असताना पीसी आपोआप बंदच पडला. साइड पॅनल काढून ब्लोअर मारला, धूळ बरीच निघाली पण टेम्परेचरमध्ये काडीचा फरक नाही. सगळे म्हणतात टाकून दे, पण माझ्या कामाला हे मशीन अजून पुरतं आणि चांगली चालणारी वस्तू भंगारात काढायला जीव होत नाही. मोठा कूलर घ्यावा की प्रोसेसर आणि कूलरच्या मधली नुसती पेस्ट बदलून भागेल?

कळफलक
आत्ताच काही विकत घेऊ नका. आधी उष्णता कुठे अडकलीये ते शोधा, ते कळलं की अर्धं काम झालं.

या प्रोसेसरच्या आतल्या कोअरची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाची, मर्यादा ९८ डिग्री आहे, तिथवर पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो, तुमचा माउस अडखळतो तो त्यामुळेच, आणि तरीही ताप चढतच राहिला तर मशीन बंद करून टाकतो. आणि एक, इंटेलच्या माहितीत या मॉडेलसमोर ७२.६ डिग्री हा आकडा दिसतो आणि तो वाचून बरेच जण घाबरतात, पण तो प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणावरचा आहे, सॉफ्टवेअर दाखवतं ते आतल्या कोअरचं टेम्परेचर, दोन्हींची तुलना करायची नाही.

आता असं करा. व्हिडिओ लावून ९० होऊ द्या, लगेच शटडाउन करा, प्लग काढा आणि हीटसिंकच्या, म्हणजे फॅनखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या, अॅल्युमिनियमच्या पात्यांना कडेने हळूच बोट लावून बघा. पाती चटका देण्याइतकी गरम असतील तर उष्णता हीटसिंकपर्यंत येतीये पण हवा ती बाहेर नेत नाहीये, म्हणजे धूळ, फॅन नाहीतर कॅबिनेटची हवा. आणि आत ९० असताना पाती जेमतेम कोमट लागली तर उष्णता हीटसिंकपर्यंत येतच नाहीये, म्हणजे कूलर नीट टेकलेला नाही नाहीतर पेस्ट वाळून गेलीये. टेम्परेचर चढतं कसं तेही बघा, लोड आल्याबरोबर दोन-चार सेकंदात उडी मारत असेल तर संशय टेकण्यावर, हळूहळू चढत असेल तर हवेवर.

रिकामा_स्लॉट
वरच्याशी सहमत. ब्लोअरबद्दल थोडं, बाहेरून कितीही हवा मारली तरी फॅनच्या खाली आणि पात्यांच्या वर जो धुळीचा थर बसतो तो वरून दिसतच नाही, फॅनच्या पंखांमधून टॉर्च मारून बघावा लागतो. आणि ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवत जा, मोकळा सोडला की भन्नाट वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. टास्क मॅनेजरपण बघा, काहीच चालू नसताना सीपीयू ३०-४० टक्के दिसत असेल तर मागे काहीतरी चालू आहे, मग कूलरला दोष देण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता
करून बघितलं. टास्क मॅनेजर शांत आहे, २-३ टक्के. लोड आल्या आल्या ४-५ सेकंदात टेम्परेचर ८५ वर उडी मारतं, आणि पाती अगदी कोमट, बोट आरामात ठेवता येतं!! टॉर्च मारून बघितलं तर कूलरच्या चार काळ्या पिनांपैकी रॅमच्या बाजूची एक बाकीच्यांपेक्षा वर आलेली दिसतीये. हाच प्रॉब्लेम का? नुसती दाबून टाकू?

कळफलक
हाच. एक कोपरा उचलला गेला की हीटसिंकचा तळ तिरका होतो, प्रोसेसरच्या झाकणावर एका बाजूला बारीक फट राहते आणि ९५ वॅटच्या प्रोसेसरला तेवढी फट पुरते. पण नुसती दाबू नका, कूलर हलला असेल तर खालच्या पेस्टमध्ये हवा शिरलेली असणार, पूर्ण काढून नवी पेस्ट लावूनच बसवा.

काढताना आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट थोडी मऊ होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, फॅनची वायर मदरबोर्डवरून काढा. पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून पिना वर ओढा. कूलर सरळ उपटायचा नाही, डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवायचा. बसवताना सगळी डोकी बाणाच्या उलट दिशेला फिरवून घ्या, काळी पिन पूर्ण वर ओढलेली आणि खालचे पांढरे पाय सरळ हवेत, ते चारही पाय बोर्डाच्या भोकांत गेले की समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकदम दाबा, टक्क आवाज आला पाहिजे, मग उरलेल्या दोन. खरी खात्री बोर्डाच्या मागच्या बाजूने होते: चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळी पिन सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजे. कॅबिनेटमध्ये मागे बघायला खिडकी नसेल तर बोर्ड बाहेर काढायचा कंटाळा करू नका, टेबलावर हे काम दहापट सोपं होतं.

तापमापक
पेस्टबद्दल मी सांगतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, दोन्हीकडून, धातू चकचकीत दिसेपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्या. नवी पेस्ट मधोमध लहान वाटाण्याएवढी, बस्स. पसरवत बसू नका, कूलरच्या दाबाने आपोआप पसरते. भरपूर थापली म्हणजे जास्त गार होईल असं अजिबात नाही, पेस्टचं काम फक्त बारीक फटी भरायचं, धातूपेक्षा ती उष्णता कमीच वाहते.

नेटवर डीलिड करायचे व्हिडिओ बघून कोणी झाकण उघडायला सांगेल, या प्रोसेसरवर चुकूनही नको. या पिढीत झाकण आतून सोल्डर केलेलं आहे, उघडायला गेलात तर चिप फुटेल. आत पेस्ट आली ती पुढच्या, २०१२ च्या पिढीपासून.

धागा वाचणाऱ्या जुन्या एएमडीवाल्यांसाठी: एएम२, एएम३ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरलाच असतात, कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. गरम करून पिळूनच काढा.

धागाकर्ता
झालं एकदाचं!! त्या पिनेचा एक पांढरा पाय तुटलेला निघाला, म्हणून ती धरतच नव्हती. अशा पिनांचा सेट सुटा मिळतो, तो आणून चारही बदलल्या. जुनी पेस्ट पार खडूसारखी झालेली, खरवडल्यावर भुगा पडत होता. आता नुसतं ठेवलं तर ३८-४०, तोच व्हिडिओ लावून ५५ च्या आसपास, फुल लोडला ६८-७० आणि फॅनचा आवाज जवळपास नाहीच. सगळ्यांचे मनापासून आभार, मशीन वाचलं. एक शंका राहिलीये, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन बघितलं तर तिथे ५० दाखवतं, विंडोजमध्ये ४० आणि तिथे ५० असं का, अजून काही गडबड तर नाही?

कळफलक
गडबड नाही. विंडोज रिकामं असताना प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज खाली आणतं, कोअर झोपवतं. बायोसमध्ये ही बचत चालू नसते, तिथे तो जागाच असतो, म्हणून ८-१० डिग्री जास्त दिसणारच. तिथे गेलाच आहात तर फॅनचं सेटिंग बघून घ्या, तुमच्या कूलरची वायर चार पिनांची आहे, पीडब्ल्यूएम मोड निवडा म्हणजे फॅन टेम्परेचरप्रमाणे कमी-जास्त होईल.