पत्रांतून युद्ध दिसते, की युद्धाची सहल घडते?

टिपणवही :
‘सध्या काय वाचत आहात’ या धाग्यावर परवा कोणीतरी ‘द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी’ या कादंबरीची शिफारस करताना लिहिले, की युद्धावरचे असूनही हे पुस्तक जिवाला त्रास देत नाही आणि पावसाळ्यात चहाबरोबर एका बैठकीत वाचून होते. तिथे दोन ओळींत उत्तर देणे जमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या समुद्रातले गर्न्सी हे ब्रिटिश छत्राखालचे बेट; पाच वर्षे शत्रूच्या ताब्यात राहिलेल्या या बेटावरची कादंबरी त्रास देत नसेल, तर तो तिचा गुण कसा काय ठरतो? २८ जून १९४० रोजी गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट बंदराच्या धक्क्यावर टोमॅटो भरलेले ट्रक रांगेने उभे होते. जर्मन वैमानिकांनी ती लष्करी वाहने समजून बॉम्ब टाकले आणि तीसहून अधिक माणसे दगावली. दोनच दिवसांत बेट जर्मनांच्या हाती गेले, ते ९ मे १९४५ रोजी सुटले. जर्मन येण्यापूर्वी घाईघाईने इंग्लंडला रवाना केलेल्या हजारो शाळकरी मुलांची खुशाली आईबापांना कळायची ती रेडक्रॉसमार्फत, २५ शब्दांच्या निरोपात, आणि तीही कित्येक महिन्यांनी.

आता, जिच्यात सारी गोष्ट पत्रांतूनच सांगितली आहे, त्या कादंबरीतील पत्रे पाहा. ती १९४६ सालची, म्हणजे दडपण उठल्यानंतरची आहेत. लंडनच्या ज्युलिएट या लेखिकेने विचारायचा अवकाश, की डुकरे पाळणारा डॉसी, मासेमार एबेन आणि घरगुती काढे विकणारी आयसोला एकाच खुसखुशीत लेखणीने मन मोकळे करू लागतात. शेवटी तर आयसोलाच्या आजीला ऑस्कर वाइल्डने लिहिलेली पत्रे निघतात! याला युद्धाची सहल म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

ओसरीवरची :
ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी. नाव घेतले असते तरी माझी हरकत नव्हती.

पत्रे १९४६ ची आहेत हा तुम्हाला दोष वाटतो. मला तोच या कादंबरीचा शहाणपणा वाटतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीच्या आघाडीवर होते. त्यांची पत्रे आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. सेन्सॉरने काही ओळींवर काळी शाई फिरवलेली, आणि उरलेल्या मजकुरात विहिरीला पाणी किती आहे, खिलारी बैलाचा पाय बरा झाला का, धाकटीच्या सोयरिकीचे कुठवर आले, एवढेच. त्या पत्रांत युद्ध शोधूनही सापडत नाही. जे काही ते बोलले ते परतल्यावर, तेही परक्या पाहुण्यांपुढे; आजीपुढे कधीच नाही. त्यामुळे बेटावरची माणसे अनोळखी ज्युलिएटला भरभरून लिहितात, हे मला तरी खोटे वाटले नाही.

आणि हसतखेळत सांगितले म्हणून सोसणे कमी होत नाही. मेलेले डुक्कर रातोरात एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेऊन जर्मन अधिकाऱ्याकडून पुन्हा ‘मेले’ म्हणून नोंदवून घ्यायचे, म्हणजे एक जिवंत डुक्कर हिशेबाबाहेर राहते, ही युक्ती वाचताना हसू येते, पण ती पोट खपाटीला गेलेल्यांचीच युक्ती आहे. ज्या ‘पाय’वर, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पदार्थावर, पुस्तकाचे नाव बेतले आहे, त्यात सारण बटाट्याचे, गोडीला बीट आणि वरचे आवरण सालींचे. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरल्यावर फ्रान्सकडून येणारी रसद तुटली आणि २७ डिसेंबर १९४४ रोजी रेडक्रॉसचे ‘वेगा’ जहाज धक्क्याला लागेपर्यंत बेटावर काय परिस्थिती होती, हे तुम्हाला माहीत असणारच. तारखा तुम्हाला पाठ आहेत.

बंदरकर :
गर्न्सीच्या बटाट्यांसाठी एवढा जीव तुटतो, मग आपल्या अंदमानचे काय? २३ मार्च १९४२ रोजी ती बेटे जपान्यांनी घेतली. तिथले डॉक्टर आणि कवी दिवाण सिंग यांना हेरगिरीच्या आरोपाखाली छळ करून मारले. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. मराठी वाचकाचे अंदमान मात्र सेल्युलर जेलच्या दारात सुरू होते आणि तिथेच संपते. यावर कादंबरी कोण लिहिणार?

सातपुडा :
बंदरकर, आपण प्रत्येक धाग्यावर हेच करता. त्याच सुमारास, डिसेंबर १९४३ च्या अखेरीस, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे मात्र सोयीस्करपणे गाळलेत.

बंदरकर :
गाळले नाही, ते सांगितले असते तर हा धागा तिथेच अडकला असता, आणि आपण तो अडकवलातच. नेताजी आले तेव्हा दिवाण सिंग त्याच तुरुंगात होते आणि जपान्यांनी नेताजींना त्या कैद्यांपर्यंत पोहोचू दिले नाही. यात नेताजींचा अपमान कुठे होतो, ते मला समजावून सांगा.

सातपुडा :
समजावण्याची इच्छा नाही. ज्यांना परकीय बेटावरची कणव येते आणि स्वकीयांच्या पराक्रमाचा उल्लेख टोचतो, त्यांच्याशी काय बोलायचे?

ओसरीवरची :
आपण दोघे शांत झालात तर एक विचारते. अंदमानातून त्या काळात पत्रे बाहेर आली तरी होती का? गर्न्सीत निदान लोकांनी चोरून रोजनिशा लिहिल्या आणि लपवून ठेवल्या, शिवाय युद्धानंतर टपाल सुरळीत झाले. पत्रकादंबरीला लिहिता येणारी माणसे लागतात, आणि पत्र पोहोचेल असा भरवसाही लागतो.

बंदरकर :
गर्न्सीची पत्रेदेखील लेखिकेने रचलेलीच आहेत, बाई. ती रचता येतात, तर अंदमानची का येऊ नयेत? आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांना तलवार आणि दरबार सोडून रेशनची रांग लिहायची नसते, एवढेच खरे कारण आहे.

टिपणवही :
बंदरकरांचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे. अंदमानसाठी त्यांनी कृपया नवा धागा काढावा, मी तिथे येईन.

ओसरीवरची, डुकराचा प्रसंग चांगला आहे, हे कबूल करतो, नाइलाजाने. माझा मुख्य आक्षेप मात्र तसाच उभा आहे. जर्मनांचे ज्यूविरोधी हुकूम गर्न्सीच्या स्वतःच्या न्यायसभेने नोंदवून घेतले होते. एप्रिल १९४२ मध्ये तीन ज्यू स्त्रियांना बेटावरून फ्रान्सला पाठवण्यात आले आणि तिथून ऑशविट्झला. तिघींपैकी एकही परतली नाही. शेजारच्या ऑल्डर्नी बेटावर वेठबिगारांच्या छावण्या होत्या, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चौकशीने तिथल्या मृतांचा आकडा ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान धरला आहे. कादंबरीत फितुरी आहे, पण ती एखाद्या द्वेष्ट्या शेजाऱ्याची. कचेरीत बसून, शांतपणे, नियमाप्रमाणे यादी करून देणारा माणूस कोणत्याच पत्रात भेटत नाही, कारण असा माणूस ज्युलिएटला पत्र लिहिणारच नाही. पत्रांच्या घाटाची खरी मर्यादा ही आहे.

अर्धविराम :
पुढे कोणी एलिझाबेथबद्दल लिहिणार असेल तर कृपया आधी सूचना द्यावी. माझी अजून शंभर पाने उरली आहेत.

ओसरीवरची :
अर्धविराम, इथेच थांबा.

टिपणवही, जॉन बुकरचे पत्र तुम्ही बहुधा चाळून पुढे गेलात. आई ज्यू असलेला तो नोकर मालकाचा वेश घेऊन राहतो, हे सगळे विनोदाने सुरू होते आणि बेल्सनच्या छावणीशी येऊन ठेपते. आणि एलिझाबेथ? ज्या बाईभोवती सगळे पुस्तक फिरते, जी एका वेठबिगार पोराला लपवल्याबद्दल राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत जाते आणि तिथे मारली जाते, तिचे स्वतःचे पत्रच नाही. ती कळते ती मागे राहिलेल्यांच्या पत्रांतून. मर्यादा तुम्ही म्हणता तीच आहे; लेखिकेने ती वापरली आहे.

टिपणवही :
वापरली, की तशी आपोआप पडली? मूळ लेखिका मेरी ॲन शाफर यांची प्रकृती ढासळल्यावर शेवटचे संस्करण त्यांच्या भाचीने, ॲनी बॅरोज यांनी केले, आणि २००८ साली पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच शाफर वारल्या. शेवटी शेवटी तर पत्रे पुरेनाशी होतात आणि आयसोलाची टिपणवही पुढे करावी लागते. एवढा आखीव हेतू मला तरी दिसत नाही. परंतु एलिझाबेथचे मौन परिणामकारक आहे. हेतुपुरस्सर असो वा नसो, तेवढे श्रेय पुस्तकाला देतो.

ओसरीवरची :
उदार आहात. माझ्याकडूनही एक घ्या : ऑस्कर वाइल्डची पत्रे मी दोन्ही वाचनांत न वाचता उलटली आहेत.