क्रोशाच्या लेसकडे नवी मुलं कशी येतील? माझं मत लिहितेय, पटत नसेल तर जरूर सांगा

जाळीकाम

जूनपासून सोलापुरात भवानी पेठेत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी क्रोशाच्या लेसचा वर्ग घेते. फी नाही, सुई-दोरा मीच देते. शाळेत चौतीस वर्षं हस्तकला शिकवली, ती बोटांत आहे तोवर कुणाला तरी द्यावी, एवढीच इच्छा. पहिल्या रविवारी चौदा जणी आल्या आणि सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ‘आपली कला वाचवू या’ असे फलक दोन कॉलेजांबाहेर लावून पाहिले, एकही मूल आलं नाही.

दसऱ्यानंतर एक मुलगा आजीला सोडायला आला आणि भिंतीला टेकून मोबाइल बघत बसला. फळ्यावर मी मोराचा आलेख लावला होता. आमच्या जाळीकामात, म्हणजे चौकटींची जाळी विणून त्यात नक्षी भरायच्या क्रोशात, सगळं चौकटींवर चालतं. रिकामी चौकट म्हणजे एक खांब, म्हणजे उभा टाका, आणि साखळीचे दोन टाके. भरलेली असेल तर साखळ्यांच्या जागी दोन खांब. मुलगा उठून फळ्याजवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, हा तर जेकार्डचा ग्राफ आहे.” जेकार्ड म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून मागावर नक्षी विणायचं यंत्र. त्याचे आजोबा चादरीच्या कारखान्यात असाच ग्राफ बघून जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायचे. पोरानं तीन ओळी न अडखळता वाचल्या.

सुई मात्र धरता येईना. दोरा इतका घट्ट ओढला की दुसऱ्या ओळीत सुई शिरायला जागाच राहिली नाही. करंगळीभोवती एक वेढा, तिथून दोरा तर्जनीवर, आणि तर्जनी जराशी उचललेली ठेवायची म्हणजे दोरा हवा तेवढाच सुटतो, हे बोट धरून दाखवलं. पुढच्या रविवारी तो दोन मित्रांना घेऊन आला.

म्हणून मला वाटतं, ‘वाचवा’ म्हणून कुणी येत नाही. ओळखीचं काही दिसलं की माणूस जवळ येतो. सोलापुरात तो आलेख घराघरात ओळखीचा आहे. तेव्हा शिकवायला सुरुवात जाळीकामापासून करावी आणि पाटीवरचे ‘महिलांसाठी’ हे शब्द काढून टाकावेत.

कांडीवाली

काकू, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही.

माझी आई विडी घरकुल या कामगार वसाहतीत तीस वर्षं विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी, आणि कारखान्यात गेल्यावर मुकादम मूठभर विड्या खराब ठरवून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. ‘घरबसल्या काम’ हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. क्रोशाची लेस त्याच वाटेनं जाते. आंध्रातलं नरसापूर बघा. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेस शिकवली, माल परदेशी गेला, २०२४ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये मांडलं ते हेच, की या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजलंच नाही. गृहिणी फावल्या वेळात विणतात, असं म्हणून मजुरी खाली ठेवली.

मी स्वतः घड्याळ लावून बसले. चार बोटं रुंदीची एक हात लेस विणायला पावणेदोन तास लागले. मधल्या मारुतीजवळच्या दुकानात मशिनची लेस पंधरा रुपये मीटर आहे. आता एकवीस वर्षांच्या मुलीला मी काय सांगू? फ्रान्समध्ये आलांसाँ गावची सुईची लेस शिकायला सात ते दहा वर्षं लागतात, पण तिथल्या राष्ट्रीय कार्यशाळेत कारागिरांना सरकारी पगार आहे. आधी दर सांगा, मग मुलं बोलवा.

तिसरी_पिढी_माग

दोघींचंही म्हणणं वाचलं. आमच्या घरात आजोबांचा हातमाग, वडिलांचे यंत्रमाग, आणि मी अक्कलकोट रोडला टॉवेल काढतो. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटनं १८०९ साली लेसच्या जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लफबरोला त्याची ५५ यंत्रं लोकांनी फोडली, तरी यंत्र थांबलं नाही. सोलापुरी चादरीला जीआय मिळून वर्षं झाली, तरी माझ्याकडे मागावर यायला पंचविशीचा पोरगा मिळत नाही. कामगारांची मुलं हिंजवडीला जातात आणि ते चांगलंच आहे. मॅडम, तुमचा वर्ग छंद म्हणून फार सुंदर आहे. त्याला रोजगाराची आशा जोडू नका, पोरं नंतर दुखावतात.

सैल_साखळी

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काय सांगालाव तुम्ही सगळे, की तरुण येत नाहीत? आमच्या होस्टेलच्या मजल्यावर सहा जणी क्रोशा करतात. ट्युलिपची फुलं, कीचेन, पिशव्या. सगळं रील बघून शिकलोय. गेल्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही तिघींनी ओळखीच्या स्टॉलवर माल ठेवला आणि दोन दिवसांत संपला.

पण चाळीस नंबरचा बारीक दोरा आमच्यापैकी कुणी हातात घेत नाही, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. मी एका वर्गात गेले होते. माझी पहिली लेस कडेला वळत होती. बाईंनी ती सगळ्यांसमोर सर्रकन उसवून दोरा माझ्या मांडीवर टाकला. त्या दिवसानंतर मी गेलेच नाही.

आणि दादा, यंत्राबद्दल एक सांगते. दिसायला क्रोशासारखं कापड यंत्र विणतं, पण खरा क्रोशा आजही हातानंच होतो. म्हणजे दुकानात क्रोशाचा टॉप स्वस्त दिसला, की तो कुणीतरी हातानं विणलाय आणि तिला फार कमी मिळालेत. म्हणून कांडीवाली ताईंचं मला शंभर टक्के पटतं. तरी शिकायचंच नाही, हे पटत नाही.

जाळीकाम

सैल साखळी, ती बाई मी नव्हते, पण मीही असंच उसवलंय. चौतीस वर्षांत किती जणींचं, त्याचा हिशेब नाही. तुझं वाचून रात्री झोप लागली नाही मला.

कांडीवाली, दराचा मुद्दा मी टाळत होते, हे खरं. पण तिसरी पिढी, नुसता छंद म्हणून सोडून द्या, हे तुमचं मात्र मान्य नाही. स्लोव्हेनियात इद्रिया गावी १८७६ पासून लेसची शाळा आहे आणि आजही तिथे लहान मुलं लाकडी फिरक्यांवर लेस विणायला शिकतात. ती सगळी काही पोटासाठी बसत नाहीत. गावात ते येणं ही साधी गोष्ट आहे, एवढंच. सोलापुरात का होऊ नये?

कांडीवाली

त्या मुलांच्या घरी रात्रीच्या भाकरीची काळजी नाही, काकू. माझ्या गल्लीतल्या मुलींच्या घरी आहे.

तरी एक सुचवते. वर्गात एक वही ठेवा. प्रत्येकानं आपल्या कामाचे तास आणि दोऱ्याचा खर्च त्यात लिहायचा. विकायची वेळ आली की किंमत वहीवरून ठरेल, गिऱ्हाईक काय म्हणतं त्यावरून नाही. परवडत नसेल तर विकायचं नाही, घरी लावायचं. हे चालत असेल तर माझ्या भाचीला आणि तिच्या मैत्रिणीला पाठवते.

तिसरी_पिढी_माग

वहीची कल्पना चांगली आहे. विकण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आमच्याकडे जुन्या चादरींच्या ग्राफची गुंडाळी पडून आहे. मोर आहे, आणखीही नक्षी आहेत. वर्गाला हवी असेल तर घेऊन जा.

जाळीकाम

वही कालच आणली. गुंडाळी न्यायला रविवारी त्या मुलालाच पाठवते.

त्याचा मोर आता एकतिसाव्या ओळीवर आहे. तेविसाव्या ओळीत मानेजवळ एक चौकट भरायची राहिलीय, ते त्याच्या लक्षात आलेलं नाही. पूर्वी मी सरळ उसवलं असतं. काय करू?

सैल_साखळी

त्याला दाखवा. उसवायचं की नाही ते त्याला ठरवू दे. आणि मीही येतेय रविवारी, माझी सुई घेऊन.