शब्दचर्चा : 'दिग्दाह' म्हणजे ध्रुवीय प्रकाश का?

ऐरोली : अरोरा म्हणजे सूर्यावरच्या वादळांमुळे आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश. त्याच्या जुन्या नोंदींवरून सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांनी वाढण्या-घटण्याच्या चक्राचा माग कसा काढतात, यावर लेख लिहितोय. त्याला 'ध्रुवीय प्रकाश' रूढ आहे, पण फार पाठ्यपुस्तकी वाटतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिग्दाहावर स्वतंत्र अध्याय आहे. तोच शब्द घेऊ का? नेमका आणि आपला.

नौपाडा : आपला आहे, नेमका नाही. त्या अध्यायात पिवळा दिग्दाह राजाला भय देणारा आणि आगीच्या रंगाचा देश बुडवणारा. शकुनाचा शब्द आहे तो. दिशा पेटलेली दिसली एवढंच सांगतो, कशाने ते नाही. उन्हाळ्यात येऊरच्या डोंगराला वणवा लागला की आमच्या गच्चीवरूनही दिग्दाहच दिसतो! धूळ, लांबलेली संध्याकाळ, सगळं त्यात बसतं. असे सरसकट मोजून आलेख काढाल तर सूर्य राहील बाजूला.

वाशी : मग 'ध्रुवीय' तरी कसं चालतं? 4 फेब्रुवारी 1872 ला तो मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. 19 अक्षांशावर कुठला ध्रुव?

नौपाडा : मोठ्या सौरवादळात प्रकाशाचं कडं ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे पसरतं. तरी आपल्यापासून लांबच. खालचा हिरवा भाग क्षितिजाआड जातो, शे-दोनशे किलोमीटरच्याही वरचा ऑक्सिजनचा तांबडा प्रकाश तेवढा दिसतो. चिनी इतिहासांतही 'तांबडी वाफ' अशाच नोंदी आहेत. 1872 ची नोंद खरी मानतात, कारण तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मापनही विस्कटलं होतं आणि दूरदूरच्या देशांतून तेच वर्णन आलं. (विजेच्या ट्राममुळे पुढे ते मापन अलिबागला न्यावं लागलं, ते वेगळं.) डाग जास्त तेव्हा सौरवादळंही जास्त; सौरडागांची कमाल 1870 ची, म्हणजे काळही जुळतो.

कोपरखैरणे : मराठी कागदांत एक जादा अडचण. 'तांबडं फुटलं' म्हणजे पहाट! त्यामुळे प्रहर आणि दिशा हवीच. 'मध्यरात्री उत्तरेस' असेल तर पुढे तपासावं. आणि नोंद नाही म्हणजे प्रकाश नव्हता, असंही नाही. आपल्याकडे चार महिने आभाळ झाकलेलं, सप्टेंबर 1859 चं मोठं वादळसुद्धा कुलाब्याला चुंबकीय नोंदीतच सापडतं. उलट धूमकेतूवाल्या हॅलीचं बघा. जन्म 1656 चा, पण पहिला अरोरा पाहिला 1716 मध्ये, साठीला. 1645 ते 1715 सूर्यावर डागच विरळ होते. तिथे अरोरांची उणीव खरी, कारण डागांच्या वेधांचा दुजोरा आहे.

ऐरोली : ठरलं. मूळ कागदात असेल तिथे अवतरणात 'दिग्दाह', पडताळा झाला की 'ध्रुवीय प्रकाश', मधल्यांना 'तांबड्या आभाळाची नोंद'. शीर्षकात मात्र 'अरोरा' ठेवतो, लोक तेच शोधतात. 'दिसला' की 'दिसली'?

वाशी : प्रकाश दिसतो, म्हणून 'दिसला'. 'अरोरा दिसली' म्हटलंत तर आमच्या सोसायटीत आडनाव समजतील.